दूरच्या ओळखी

अमरावती-अकोल्याकडे एखादा पोरगा परदेशात नोकरी शोधतोय असं कळलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तिकडे आपलं कोनी हाय का?" पगार किती, काम कोणतं, व्हिसा कसला, हे सगळं नंतर. विचारणाऱ्या काकांना लिंक्डइन माहीत असेलच असं नाही, पण नोकऱ्या कशा लागतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं असतं. जिनिंगमधली कारकुनी असो की संस्थेच्या शाळेतली मास्तरकी, ओळख लागतेच. मग म्युनिकची नोकरी त्याला अपवाद कशी असेल?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या पिढीला हा प्रश्न जुनाट वाटतो, कारण जगातल्या कुठल्याही कंपनीतल्या कुठल्याही माणसाला ओळखीची विनंती पाठवायचं बटण आमच्या खिशात आहे. पण मित्रांचे अर्ज, त्यांना आलेली उत्तरं आणि बहुतेक वेळा न आलेली उत्तरं पाहता पाहता मला वाटायला लागलं, की काकांचा प्रश्न अर्धा बरोबर आहे. ओळख लागते हे खरं. ती ‘आपल्या’ माणसाचीच लागते, हे मात्र जुनी उदाहरणं तपासली तर फारसं टिकत नाही. मराठी माणसाला परदेशात नेणारी ओळख पुष्कळदा दूरची होती, कधी तर आयुष्यात न पाहिलेल्या माणसाची. ती कशी जुळत गेली आणि वऱ्हाडात ती इतक्या उशिरा का जुळली, हे पाहण्यासाठी हा लेख.

टपाल कारकुनाचं पत्र

अनोळखी लोक वाचतील अशा जागी मजकूर जाऊन त्यातून परदेशचा रस्ता उघडण्याचं मराठीतलं एक उदाहरण जवळजवळ दीडशे वर्षं जुनं आहे. आपण ते वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवलं आहे, एवढंच.

गोपाळराव जोशी टपाल खात्यात कारकून होते. पत्नी आनंदीबाईंना शिकवायचा त्यांचा ध्यास सर्वांना माहीत आहे. बदलीच्या नोकरीत ते कोल्हापुरात असताना तिथल्या अमेरिकन मिशनऱ्यांशी त्यांचा संबंध आला. कोल्हापूरच्या या मिशनचे संस्थापक रॉयल वाइल्डर तोवर अमेरिकेत परतले होते आणि प्रिन्स्टनहून ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचं नियतकालिक चालवत होते. १८८०च्या आसपास गोपाळरावांचं पत्र त्यांच्यापर्यंत पोचलं. त्यात दोन मागण्या होत्या. एक, पत्नीच्या शिक्षणाची अमेरिकेत सोय व्हावी. दुसरी, स्वतःला तिथे योग्य अशी नोकरी मिळावी.

आनंदीबाईंची गोष्ट सांगताना ही दुसरी मागणी सहसा गळून जाते. पण टपालातल्या माणसाने, ज्याला पत्र कुठून कुठे जातं हे रोजच्या कामातून ठाऊक होतं, त्याने समुद्रापलीकडे टाकलेला तो नोकरीचा अर्जही होता.

वाइल्डरांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की ख्रिस्ती झालात तर मदत करता येईल. जोशी पतिपत्नींना ते मान्य नव्हतं. ज्यांच्याकडून आशा होती, त्यांच्याकडून काम झालं नाही. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेला अंक चाळताना त्यांनी हा पत्रव्यवहार वाचला आणि आनंदीबाईंना पत्र लिहिलं. मग दोघींची पत्रं सुरू झाली. ती दोन-तीन वर्षं चालली. एप्रिल १८८३मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजात बसल्या, जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरल्या आणि कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या.

नोकरी मिळाली ती कोल्हापूर संस्थानाची, तिथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधल्या स्त्रियांच्या विभागाची. ती करायला त्या जगल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. गोपाळरावांच्या नोकरीचं त्या पत्रातून काही जुळलं नाही.

आजच्या भाषेत बोलायचं तर ही एका पोस्टची गोष्ट आहे. मजकूर सार्वजनिक ठिकाणी गेला, तो ज्याच्या हातात होता त्याने मदतीला स्वतःची अट घातली, आणि उत्तर आलं ते कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या वाचकाकडून. शिवाय पहिल्या पत्रातून काहीच झालं नाही. दोन अनोळखी बायकांमध्ये एवढा विश्वास तयार व्हायला कित्येक पत्रं जावी लागली.

कापूस गेला, माणूस नाही गेला

त्याच काळात वऱ्हाडात काय चाललं होतं? एका अर्थाने वऱ्हाड कोल्हापूरपेक्षा कितीतरी जास्त जगाशी जोडलेला होता. १८६१ ते १८६५च्या अमेरिकन यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्रजांनी वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे मोर्चा वळवला. रेल्वे आली, बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. १८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले, ते तिथल्या रेल्वे फाट्याच्या आणि कापूस बाजाराच्या निमित्ताने. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. लिव्हरपूलला भाव पडला की त्याचा धक्का वऱ्हाडच्या बाजारात बसू लागला.

म्हणजे जाळं होतं, पण ते कापसाचं होतं. गाठी गेल्या, माणूस गेला नाही. उलट बाहेरचे लोक इथे आले. मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी आले, हंगामात मजूर आले. जमीन कसदार आणि हाताला काम असताना समुद्र ओलांडायची गरज कुणाला पडणार?

कोकणात आणि गोव्यात ही गरज होती. एकोणिसाव्या शतकातच मराठी मजूर करारावर मॉरिशसला गेले. रत्नागिरीकडचे खलाशी बोटींवर चढले. गोव्याच्या खलाशांनी तर मुंबईत एक व्यवस्थाच उभी केली, ती म्हणजे ‘कूड’. धोबी तलावाच्या आसपासच्या जुन्या इमारतींमध्ये एकेका गावाची एकेक कूड असे. दोन सफरींच्या मधल्या काळात गावचा खलाशी तिथे उतरायचा, त्याची ट्रंक तिथे राहायची, संध्याकाळची प्रार्थना तिथे व्हायची. झोपायला जागा हा त्यातला दिसणारा भाग. न दिसणारा भाग माहितीचा होता. कुठल्या कंपनीच्या बोटीवर भरती आहे, कुठला कप्तान बरा, कुठला दलाल लुबाडतो, हे कुडीत कळायचं. नवख्या पोराबद्दल ‘हा आमच्या गावचा’ म्हणणारा कुणीतरी तिथे असायचा, आणि पोराने गडबड केली तर त्याची लाज गावाला वाटायची.

१९७०च्या दशकात तेलाच्या पैशावर आखाती देशांत भरती सुरू झाली तेव्हा केरळकडे, कोकणाकडे, गोव्याकडे बाहेर गेलेल्या माणसांचा असा साठा आधीपासून होता. अकोल्याच्या आयटीआय झालेल्या फिटरकडे तो नव्हता. तिकडे आपलं कुणी नव्हतं.

वर्ध्याचा एकटा माणूस

वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड संपतो. पलीकडच्या वर्ध्यात १८८४ साली पांडुरंग सदाशिव खानखोजे जन्मले. आपल्या भागाच्या सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात अचाट उदाहरण त्यांचं आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले. तिथे पडेल ती कामं करत त्यांनी ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या कॉलेजांत शेतीशास्त्राचं शिक्षण घेतलं. त्या किनाऱ्यावर ‘आपले’ म्हणजे वऱ्हाडी-नागपुरी कोण असणार? त्यांना भेटले ते लाकडाच्या गिरण्यांत राबणारे पंजाबी मजूर. त्यांच्यातूनच १९१३मध्ये गदर चळवळ उभी राहिली आणि खानखोजे तिच्या पहिल्या फळीत होते. पहिल्या महायुद्धात ते इराणच्या बाजूने इंग्रजांशी लढायला गेले. त्यानंतर घरी परतायचा रस्ता बंद झाला.

१९२४मध्ये ते मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. हे आकाशातून पडलेलं नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या दिवसांत मेक्सिकोतल्या क्रांतीशी संबंधित लोकांशी त्यांचा संपर्क आला होता. त्या काळात भाषण, सभा, पत्रकं यांतून झालेली ओळख पुढे पोटाला कामी आली. मक्याच्या वाणांवर त्यांनी तिथे मोठं काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या, आणि चित्रकार दिएगो रिव्हेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या भित्तिचित्रात त्यांचा चेहरा रंगवला. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७मध्ये नागपुरात वारले.

नोकरी शोधणाऱ्याच्या नजरेतून पाहिलं तर या चरित्रात एक खिन्न करणारी गोष्ट आहे. खानखोज्यांच्या मागून वर्ध्या-अमरावतीच्या पोरांची रांग चापिंगोला लागली नाही. गोव्याचा एक खलाशी बोटीवर चढला की त्याच्यामागे दहा चढत, कारण मध्ये कूड होती. खानखोज्यांची ओळख त्यांच्यापाशी सुरू झाली आणि त्यांच्यापाशीच संपली. एकट्याच्या कर्तबगारीने एकाची नोकरी लागते, पुढच्यांसाठी मध्ये काहीतरी टिकणारं असावं लागतं.

१९८३

वऱ्हाडात हे टिकणारं काही उभं राहिलं, ते अगदी वेगळ्या कारणाने. अमरावतीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६४चं. पण जागा मोजक्या होत्या. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. त्याच वर्षी बडनेऱ्याला, शेगावला आणि अकोल्याजवळ बाभुळगावला कॉलेजं निघाली. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झालं. आनंदीबाई बोटीत बसल्या त्याला नेमकी शंभर वर्षं झाली होती.

या धोरणावर टीका पुष्कळ झाली आणि तिच्यात तथ्य होतं. देणगीच्या नावाखाली पैसा घेतला गेला, कॉलेजांभोवती राजकारणी मंडळींची संस्थानं उभी राहिली, बापांनी जमिनी गहाण टाकल्या. हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरते. दर्यापूर, मूर्तिजापूर, अंजनगाव, मेहकर अशा गावांतली पोट्टी पहिल्यांदाच चार वर्षं एका होस्टेलात राहू लागली. ती एकमेकांची नातलग नव्हती, एका गावची किंवा एका जातीची असतीलच असं नव्हतं. एका मेसमध्ये जेवणं, एकाच विषयात नापास होणं, सिनियरची जर्नल उतरवणं, यातून जी ओळख तयार झाली ती वऱ्हाडाला नवी होती. भाऊबंदकीच्या बाहेरची आणि तरीही जबाबदारी घेण्याइतकी पक्की.

कॉलेज म्हणजे आमची कूड, असं मला वाटतं ते यामुळे. पहिली बॅच पुण्याला गेली. दुसऱ्या बॅचची पोरं पहिल्या बॅचच्या खोलीवर उतरली. नव्वदच्या दशकात त्या खोलीतला एखादा अमेरिकेला गेला. १९९०च्या कायद्याने तिथे एच-१बी व्हिसाची आजची चौकट तयार झाली होती, वर्षाला ६५ हजारांची मर्यादा ठेवून. सन २०००च्या संगणकीय गोंधळाची भीती आणि इंटरनेट कंपन्यांची भरभराट यांमुळे ती मर्यादा वाढत २००१ ते २००३ या वर्षांसाठी १ लाख ९५ हजारांवर गेली आणि मग पुन्हा ६५ हजारांवर आली; अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी २० हजार वेगळे. हे आकडे वॉशिंग्टनमध्ये ठरत, पण कुणाला बोलावलं जाईल हे पुण्याच्या खोलीतल्या ओळखीवर ठरत असे. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट सुरू केलं. मग सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बायोडाटा पाठवणं आलं, याहूच्या ग्रुपवर बॅचमेट सापडणं आलं, २००४ पासून ऑर्कुट आलं. लिंक्डइन त्याच्या आदल्या वर्षी, मे २००३मध्ये सुरू झालं होतं, पण आमच्याकडे ते पोचायला बराच वेळ गेला.

कमी भेटणारी माणसं

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन शहरातल्या नोकरदारांना विचारलं होतं, की नोकरी लागली ती कुणामुळे. १९७३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात याचं उत्तर आहे. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसामुळे मिळाली होती. ५६ टक्क्यांच्या बाबतीत तो माणूस अधूनमधून भेटणारा होता आणि २८ टक्क्यांच्या बाबतीत क्वचितच भेटणारा. कारण सोपं आहे. जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातून.

सप्टेंबर २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याच कल्पनेची लिंक्डइनवर घेतलेली परीक्षा प्रसिद्ध झाली. पाच वर्षांत सुमारे २ कोटी लोकांना दिसणाऱ्या ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ या यादीत फेरफार करून संशोधकांनी पाहिलं, की कुठल्या ओळखीतून नोकऱ्या लागतात. या काळात सुमारे ६ लाख नोकऱ्या बदलल्या गेल्या. निष्कर्ष असा निघाला, की नोकरीला सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती मध्यम दूरची ओळख. अगदी जवळची कमी उपयोगी, आणि ज्याच्याशी काहीच समान नाही असा माणूसही कमी उपयोगी. दोघांच्या मध्ये दहाएक समान ओळखी असाव्यात, असं साधारण चित्र दिसलं.

बाभुळगावच्या होस्टेलचा पाच वर्षं पुढचा सिनियर म्हणजे बरोबर ही मध्यम दूरची ओळख. आपण त्याला कधी भेटलेलो नसतो, पण त्याला शिकवणारे सर आपल्यालाही शिकवून गेलेले असतात.

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो. मोठ्या कंपन्यांमध्ये कर्मचाऱ्याने सुचवलेल्या उमेदवाराचा अर्ज वेगळ्या रांगेत जातो. याला रेफरल म्हणतात. सुचवणाऱ्याला बऱ्याचदा एक फॉर्म भरावा लागतो आणि त्यात विचारलेलं असतं : या उमेदवाराला तुम्ही कसं ओळखता? त्याच्याबरोबर काम केलं आहे का? म्हणजे काकांचाच प्रश्न, उलट्या बाजूने. तिथे ‘आमच्या गावचा आहे’ असं लिहून भागत नाही. ‘याने केलेलं अमुक काम मी पाहिलं आहे’ असं लिहिता आलं तर फरक पडतो.

म्हणून ‘डिअर सर, काइंडली रेफर मी’ असा एकच मजकूर दोनशे लोकांना पाठवणाऱ्याला उत्तरं येत नाहीत. सर वाईट असतात म्हणून नव्हे, त्यांच्याकडे त्या फॉर्ममध्ये लिहायला काही नसतं म्हणून. याउलट आपला प्रोग्राम गिटहबवर उघड्यावर ठेवणारा, मुक्त सॉफ्टवेअरच्या एखाद्या प्रकल्पातली बारीक चूक शोधून दुरुस्त करून पाठवणारा, त्यावर दूर देशीच्या अनोळखी माणसाशी चार दिवस वाद घालणारा पोरगा काहीतरी वेगळं करत असतो. तो आपलं काम सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवतो. गोपाळरावांचा मजकूर वाइल्डरांच्या नियतकालिकात गेला, त्याचा हा आजचा अवतार. दाताच्या डॉक्टरकडे बसलेली बाई कोण असेल हे आधी कळत नाही, पण तिला वाचायला काहीतरी असावं लागतं.

मुलींच्या बाबतीत याचा अर्थ आणखी वेगळा आहे. होस्टेल, मेस, पुण्याची खोली ही सगळी साखळी बरीचशी पुरुषांची होती. कितीतरी हुशार मुली अमेरिकेत पोचल्या त्या नवऱ्याच्या व्हिसावर, जिथे त्यांना काम करायची परवानगीच नव्हती. एच-१बीधारकांच्या जोडीदारांपैकी काहींना ती मिळू लागली मे २०१५ पासून. आज अकोल्याच्या मुलीला पुण्यातल्या कुणाच्या खोलीवर उतरल्याशिवाय बर्लिनमधल्या एखाद्या बाईला थेट लिहिता येतं, आणि तिचं काम त्या बाईला थेट पाहता येतं. समाजमाध्यमांनी खरोखर काही नवं केलं असेल तर ते इथे.

त्याच महिन्यातली दुसरी बातमी

‘सायन्स’मधला तो निबंध प्रसिद्ध झाला त्याच महिन्यात, सप्टेंबर २०२२मध्ये, भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने एक इशारा प्रसिद्ध केला. थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स’ आणि मार्केटिंगच्या भरपूर पगाराच्या नोकऱ्या आहेत असं सांगून आयटीतल्या तरुणांना नेलं जातंय, तिथून बेकायदा सीमा ओलांडून बहुतांशी म्यानमारमध्ये पोचवलं जातंय आणि कोंडून ठेवून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली जातायत, असं त्यात म्हटलं होतं. या तरुणांना गाठलं जात होतं समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींतून आणि दुबईतल्या व भारतातल्या दलालांकडून. मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा केंद्रांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना परत आणलं.

एकाच महिन्यातल्या या दोन बातम्या मला शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात. दूरची ओळख नोकरी देते, हे संशोधकांनी सिद्ध केलं. ते दलालांना आधीच कळलेलं होतं. त्यांनी दूरच्या ओळखीची नक्कल केली. तसाच फोटो, तशीच गोड भाषा, ‘आमच्या कंपनीत तुमच्यासारख्यांची गरज आहे’ असा तसाच संदेश. नकलेत एकच गोष्ट नसते. ज्याचा शब्द खोटा निघाला तर ज्याला तोंड लपवावं लागेल, असा माणूस मध्ये नसतो. कुडीत तो होता. कॉलेजच्या बॅचमध्ये तो असतो.

वऱ्हाडात याची किंमत मोठी आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा हे शेतकरी आत्महत्यांमुळे देशाला माहीत झालेले सहा जिल्हे. २००६मध्ये पंतप्रधानांनी याच जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं. इथल्या बापाकडे पोराच्या परदेशवारीसाठी विकायला असतं ते वावर. दलाल चार-पाच लाख मागतो तेव्हा तो दोन एकर मागत असतो.

म्हणून काही कोरड्या गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. १९८३च्याच उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. एच-१बीच्या अर्जाचा खर्च कायद्याने कंपनीने करायचा असतो. ज्याला खरंच माणूस हवा आहे तो आधी मुलाखत घेतो, तीही कामाबद्दल घाम फोडणारी. मुलाखत सोपी आणि पैसे आगाऊ असतील, तर तिथे नोकरी नाही. पर्यटक व्हिसावर ‘आधी या, मग कामाचा व्हिसा करू’ म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवावं. आणि समोरच्याने ज्या कंपनीचं नाव सांगितलं तिथे काम करणारा आपल्या कॉलेजचा एक तरी माणूस शोधून त्याला विचारावं. दहा मिनिटांचं काम आहे, त्यावर दोन एकर वाचू शकतात.

उत्तर देणारे

एच-१बीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर शुल्काचा आदेश सप्टेंबर २०२५मध्ये निघाल्यापासून बरीच पोरं जर्मनीकडे, नेदरलँड्सकडे पाहायला लागली आहेत. तिकडे आमची साखळी अजून कच्ची आहे. म्हणजे आपण पुन्हा त्या पहिल्या बॅचच्या अवस्थेत आहोत, जिथे तिकडे आपलं कुणी नाही आणि अनोळखी माणसालाच लिहावं लागणार आहे.

अशा वेळी लिहिणाऱ्यांना शिकवणारे व्हिडिओ शेकड्यांनी आहेत. उत्तर देणाऱ्यांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. बडनेरा, शेगाव, बाभुळगावहून गेलेले कितीतरी जण आज दहा देशांत बसले आहेत. त्यांच्या इनबॉक्समध्ये आठवड्याला वीस ‘डिअर सर’ पडतात आणि ते वैतागतात, हे मला समजतं. सगळ्यांना रेफरल देता येत नाही. पण ‘तुझं काम दाखव’, ‘ही कंपनी खोटी आहे’, ‘आधी हे शिक, सहा महिन्यांनी लिही’ एवढं लिहायला दोन ओळी लागतात. कॉलेजांनाही माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात शाल-श्रीफळ देण्यापलीकडे एक करता येईल : कोण कुठे कोणत्या कामात आहे आणि विचारलं तर उत्तर द्यायला तयार आहे, याची खरी, दरवर्षी तपासलेली यादी ठेवणं. गोव्याच्या खलाशांना ते जमत होतं.

आनंदीबाई गेल्यावर गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यू यॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत, आनंदीबाईंच्या नावाचा दगड तिथे आहे. सात वर्षांपूर्वी त्या बाईला कोल्हापूर कुठे आहे हेही बहुधा माहीत नव्हतं. काकांनी विचारलेलं ‘आपलं कोणी’ हे असं तयार होतं, कुणीतरी एका अनोळखी पत्राला उत्तर दिल्यावर.